कंपनीला अपुरा वाटलेला अल्बम: विली नेल्सनचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ समजून घेताना

अमेरिकन कंट्री संगीतातल्या सर्वश्रेष्ठ अल्बमच्या याद्या अधूनमधून निघतात आणि त्यांत एक नाव बहुतेक वेळा अगदी वरच्या बाजूला असतं: विली नेल्सनचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’, म्हणजे तांबड्या केसांचा अनोळखी माणूस. 2025 मध्ये या अल्बमला 50 वर्षं झाली, तेव्हा त्यावर पुन्हा भरपूर लिहून आलं. ते वाचून कुतूहलाने अल्बम लावला की आपल्यासारखा श्रोता बुचकळ्यात पडतो. एक गिटार, एक किंचित नाकातला आवाज, मधूनच माउथ ऑर्गन, कुठे थोडा पियानो. काही ठिकाणी तर जवळजवळ काहीच नाही. मीही पहिल्यांदा ऐकला तेव्हा दोन-तीन गाण्यांनंतर बंद केला होता. यात एवढं काय आहे, हेच कळेना.

हाच प्रश्न 1975 मध्ये हा अल्बम काढणाऱ्या कोलंबिया रेकॉर्ड्सच्या अधिकाऱ्यांनाही पडला होता. त्यांना तो अपुरा वाटला. आणि लोकांनी तो लाखोंच्या संख्येने विकत घेतला. असं का झालं हे समजून घ्यायचं तर गाणं रेकॉर्ड कसं होतं, त्यावर हुकूम कोणाचा चालतो आणि ‘पूर्ण झालं’ हे कोण ठरवतं, इथून सुरुवात करावी लागते.

कंट्री म्हणजे नेमकं कोणतं संगीत?

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांतलं हे संगीत. ब्रिटन-आयर्लंडहून आलेल्या लोकांच्या कथागीतांचा, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या ब्लूजचा आणि चर्चमधल्या भजनांचा त्यात मिलाफ आहे. बँजो हे या संगीताची ओळख बनलेलं वाद्य, पण त्याचं मूळ आफ्रिकेतलं. गाण्यांचे विषय रोजच्या जगण्यातले: दारू, विरह, रेल्वे, तुरुंग, देव आणि आई. टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल हे या संगीताचं केंद्र झालं. तिथला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओ कार्यक्रम 1925 पासून सुरू आहे आणि त्याच्याभोवती हळूहळू रेकॉर्ड कंपन्या, स्टुडिओ आणि गाणी विकणारी प्रकाशनं उभी राहिली.

1950 च्या दशकात रॉक अँड रोल आलं आणि तरुण श्रोता तिकडे वळला. नॅशव्हिलने त्यावर उपाय शोधला. चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या तिथल्या रेकॉर्डिंगची सूत्रं सांभाळणाऱ्या दोघांनी कंट्री गाण्याचा गावरान बाज कमी केला. खरखरीत फिडल मागे गेलं, त्या जागी व्हायोलिनचा मऊ ताफा आणि मागे गुणगुणणारा कोरस आला. शहरातल्या दिवाणखान्यातही ऐकवेल असं हे रूप. त्यालाच ‘नॅशव्हिल साउंड’ म्हणतात. ते वाईट होतं असं अजिबात नाही. गायिका पॅट्सी क्लाइनची गाणी याच घडणीतली, आणि ती आजही काळजाला हात घालतात. पण ती एक रीत बनली, आणि रीत बनली की ती सगळ्यांना लागू केली जाते.

प्रोड्यूसर म्हणजे पैसे घालणारा नव्हे

इथे एक शब्द नीट समजून घेऊ. सिनेमामुळे आपल्याला प्रोड्यूसर म्हटलं की पैसे लावणारा माणूस आठवतो. रेकॉर्डच्या धंद्यात तसं नाही. गाणं कोणतं घ्यायचं, वाद्यं कोणती, गाऊन घेतलेल्या खेपांपैकी (‘टेक’पैकी) कोणती ठेवायची, आवाज किती पुढे आणि गिटार किती मागे, हे सगळं ठरवणारा तो प्रोड्यूसर. आपल्याकडच्या सिनेसंगीतातल्या अरेंजरची आणि दिग्दर्शकाची कामं एकाच माणसाकडे दिली तर जे होईल, साधारण ते.

नॅशव्हिलमध्ये हे काम घड्याळावर चाले. एक सेशन तीन तासांचं, आणि त्यात तीन-चार गाणी उरकायची. वाजवणारे ठरलेले आणि अत्यंत तयार. सुरावट लिहायची वेळ वाचावी म्हणून त्यांनी कॉर्डना, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांना, आकडे देण्याची पद्धत बसवली होती. कागदावर एक-चार-पाच एवढं दिसलं की कोणत्याही पट्टीत वाजवायला मोकळे. गायकाने यायचं, गायचं, जायचं. पुष्कळदा व्हायोलिन आणि कोरस तो गेल्यावर वरून चढवले जात. म्हणजे स्वतःची रेकॉर्ड पूर्ण झालेली कशी वाटते हे गायकालाच शेवटी कळायचं.

विलीचं तिथे का जमेना?

विली नेल्सनचा जन्म 1933 चा, टेक्सासमधल्या ॲबट या छोट्या गावातला. नॅशव्हिलला त्याची गरज होती, पण गीतकार म्हणून. पॅट्सी क्लाइनने 1961 मध्ये गायलेलं ‘क्रेझी’ त्याचं. त्याच वर्षी फॅरॉन यंगने गाजवलेलं ‘हॅलो वॉल्स’ही त्याचं. स्वतः गायला लागला की मात्र गाडी अडायची. आरसीए कंपनीत तो बरीच वर्षं होता, चेट ॲटकिन्ससारखा जाणकार प्रोड्यूसर होता, तरी अल्बम फारसे खपले नाहीत.

याचं एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं आणि ते निव्वळ संगीताचं आहे. विली ठेक्याबरोबर गात नाही. तो ओळ उशिरा उचलतो, मध्येच घाई करतो, आणि शेवटी नेमका जागेवर येऊन पोचतो. ठुमरी किंवा भावगीत ऐकणाऱ्याला हे लगेच समजेल. शब्द लयीच्या पुढे-मागे झुलवत नेऊन समेवर अलगद येण्यातली गंमत आपल्या ओळखीची आहे. आता विचार करा, असा गाणारा माणूस आणि मागे कागदावर लिहिलेलं, मात्रेला मात्रा बांधलेलं व्हायोलिनचं पथक. पथक सरळ रेषेत चाललंय आणि गायक वळणं घेतोय. ऐकणाऱ्याला वाटतं, याचं ठेक्यात बसत नाही. प्रत्यक्षात त्याला हिंडायला जागाच ठेवलेली नसते. गर्दीच्या लोकलमध्ये उत्तम नर्तकसुद्धा धक्के देणाराच वाटेल.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला टेनेसीमधलं त्याचं घर जळालं आणि तो टेक्सासला परतला. ऑस्टिन शहरात त्याला वेगळा श्रोता भेटला. लांब केसांची हिप्पी मुलं आणि काउबॉय टोप्या घालणारे कामकरी एकाच हॉलमध्ये बसून त्याला ऐकत होते. त्याने केस वाढवले, सूट टाकून दिला, आणि आपल्याच वाद्यवृंदाबरोबर आपल्या पद्धतीने वाजवायला लागला.

करारातलं एक कलम

मधल्या काळात अटलांटिक कंपनीसाठी त्याने दोन अल्बम केले. 1974 मधल्या दुसऱ्या अल्बममध्ये त्याने एका घटस्फोटाची गोष्ट सांगितली होती, एका बाजूला तिची कैफियत आणि दुसऱ्या बाजूला त्याची. पण अटलांटिकने आपला कंट्री विभागच बंद केला. तेव्हा नील रेशन या त्याच्या मॅनेजरने कोलंबियाशी करार केला आणि त्यात एक गोष्ट पदरात पाडून घेतली: अल्बममध्ये काय असेल याचा अंतिम निर्णय विलीचा.

हे कलम किती मोठं होतं हे समजायला घराच्या कर्जाचं उदाहरण घ्या. बँक पैसे देते, आपण ते हप्त्यांनी फेडतो. भिंतींना कोणता रंग द्यायचा हे बँक सांगत नाही. रेकॉर्डच्या धंद्यातही कंपनी रेकॉर्डिंगचा खर्च आगाऊ करते आणि सर्वसाधारणपणे तो गायकाच्या रॉयल्टीतूनच वसूल करून घेते. म्हणजे पैसा शेवटी गायकाचाच. तरीही भिंतीचा रंग, खिडक्यांची संख्या आणि देवघर कुठे, हे सगळं कंपनी ठरवत असे. विलीने तेवढं फक्त थांबवलं.

गार्लंडमधले काही दिवस

कोलोरॅडोहून गाडीने घरी परतताना पुढच्या अल्बमचं काय, असा विषय निघाला. पत्नी कॉनीने त्याला एका जुन्या गाण्याची आठवण दिली. तांबड्या केसांच्या अनोळखी घोडेस्वाराचं ते कथागीत ईडिथ लिंडमन आणि कार्ल स्टुट्झ यांनी लिहिलेलं. फोर्ट वर्थमध्ये रेडिओवर काम करत असताना विली ते लावायचा आणि घरी मुलांना झोपवताना गायचा. त्या एका गाण्याच्या मागची आणि पुढची गोष्ट तो रचू लागला.

जानेवारी 1975 मध्ये डॅलसजवळच्या गार्लंड या गावातल्या एका नव्या स्टुडिओत तो आपली माणसं घेऊन गेला. थोरली बहीण बॉबी पियानोवर, पॉल इंग्लिश ड्रमवर, बी स्पीअर्स बासवर, मिकी राफेल माउथ ऑर्गनवर. विलीच्या हातात ‘ट्रिगर’, म्हणजे नायलॉनच्या तारांची त्याची मार्टिन गिटार. कंट्रीत सर्रास धातूच्या तारा असतात, नायलॉनचा आवाज त्याहून गोल आणि मृदू. काही दिवसांत काम संपलं. खर्च सुमारे 4,000 डॉलर झाला असं सांगितलं जातं. नॅशव्हिलच्या मोठ्या स्टुडिओतल्या अल्बमच्या मानाने ही रक्कम किरकोळ होती.

गाण्यांचा संग्रह नव्हे, आख्यान

या अल्बमला ‘कन्सेप्ट अल्बम’ म्हणतात. सगळी गाणी मिळून एकच गोष्ट किंवा कल्पना मांडणारा, एवढाच त्याचा अर्थ. मराठी माणसाला हा प्रकार कीर्तनातून समजेल. बुवा आख्यान लावतात, मध्येच तुकोबांचा अभंग घेतात, कुठे नामदेवांचा, कुठे श्लोक, आणि फिरून आपल्या मूळ पदावर येतात. अभंग त्या प्रसंगासाठी लिहिलेला नसतो, पण प्रसंगात बसला की त्यातून नवा अर्थ निघतो.

विलीने नेमकं हेच केलं. स्वतः एवढा मोठा गीतकार असून त्याने अल्बमचा बराच भाग दुसऱ्यांच्या गाण्यांनी बांधला. एडी अर्नल्डचं गाणं, हँक कॉक्रनचं गाणं, एक जुनं चर्चगीत, एक मेक्सिकन वॉल्ट्झ. आणि ‘टाइम ऑफ द प्रीचर’ हे त्याचं स्वतःचं पद ध्रुवपदासारखं तीनदा येतं.

गोष्ट 1901 सालातली. एका धर्मोपदेशकाची बायको जुन्या प्रियकराबरोबर निघून जाते. तो त्यांचा माग काढतो आणि दोघांनाही ठार मारतो. मग काळ्या घोड्यावर बसून, तिचा तांबूस घोडा सोबत घेऊन गावोगाव भटकत राहतो. एका गावात एक बाई त्या घोड्याला हात लावते, तेव्हा तिलाही तो गोळी घालतो. पुढे फार हळूहळू, दुसऱ्या एका बाईच्या सोबतीत आणि शेवटी एका लहान मुलाच्या सहवासात, त्याला कुठेतरी विसावा मिळतो.

‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’ हे फ्रेड रोझचं 1940 च्या दशकातलं गाणं. एरवी ते साधं विरहगीत आहे. इथे ते खुनांनंतर येतं. निळे डोळे पावसात रडताना आठवणारा माणूस स्वतःच ते डोळे मिटवून आलेला आहे. गाणारा आवाज चढवत नाही, हुंदका देत नाही. गिटार दोन-चार सूर टाकते आणि थांबते. या जागी व्हायोलिनचा ताफा आला असता तर त्याने आपल्याला सांगितलं असतं की आता दुःखी व्हा. इथे तसं कोणी सांगत नाही, आणि त्या शांततेत त्या माणसाने काय केलंय हे आपलं आपल्याला आठवतं.

“हा तर डेमो आहे”

टेप कोलंबियाकडे गेली. डेमो म्हणजे गाण्याचा कच्चा नमुना. शिंपी ट्रायलला कपडा देतो ना, कच्चा टाका घातलेला, धागे बाहेर, बटणं नाहीत, तसा. अधिकाऱ्यांना वाटलं, ट्रायलचा कपडा आलाय, शिवण अजून व्हायची आहे. नॅशव्हिलमध्ये कंपनीचं काम पाहणारा बिली शेरिल तर भरगच्च वाद्यमेळाचा उस्ताद, टॅमी वायनेटच्या गाजलेल्या रेकॉर्ड त्याच्या हातच्या. त्याला हे पसंत पडणं अवघडच होतं. न्यूयॉर्कमध्ये कंपनीचा वरिष्ठ अधिकारी ब्रूस लुंडव्हॉल, त्यालाही प्रथम शंका वाटली.

तिथे नील रेशनबरोबर विलीचा मित्र, गायक वेलन जेनिंग्ज, हजर होता. वरून थोडं व्हायोलिन वगैरे चढवावं असा सूर निघाला तेव्हा तो भडकला, ही हकीकत अनेकांनी सांगितली आहे. शेवटी करारातल्या कलमाने काम केलं. अल्बम मे 1975 मध्ये जसाच्या तसा बाहेर आला.

या अधिकाऱ्यांना मूर्ख ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांचे कान वीस वर्षं एका प्रकारच्या पूर्णतेवर तयार झाले होते. पंगतीत सोळा पदार्थ वाढायची सवय असलेल्या आचाऱ्यापुढे पिठलं-भाकरी आणि ठेचा ठेवला तर तो पुढचं ताट कधी येतंय याची वाट पाहील. लुंडव्हॉलने शंका असूनही अल्बम काढला, ही गोष्टही त्याच्या बाजूने मांडली पाहिजे.

लोकांनी काय केलं?

‘ब्लू आइज’ सिंगल म्हणून, म्हणजे एकट्या गाण्याची रेकॉर्ड म्हणून निघालं आणि ऑक्टोबर 1975 मध्ये ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. गायक म्हणून विलीचं हे पहिलं अव्वल गाणं. वय 42. सर्वसाधारण यादीतही ते 21 व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि त्याला ग्रॅमी मिळवून दिलं. अल्बम कंट्री यादीत पहिला आला. पुढे त्याची विक्री वाढत गेली आणि 20 लाख प्रतींसाठी मिळणारं डबल प्लॅटिनम प्रमाणपत्र त्याला मिळालं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत नंतर त्याची नोंद केली.

समीक्षकांचं मात्र एकमत नव्हतं. अनेकांनी तोंडभरून कौतुक केलं, पण रॉबर्ट क्रिस्टगाऊ या वजनदार समीक्षकाला तो रुचला नाही. सुटी गाणी छान आहेत, गोष्टीत गुंफल्यामुळे त्यांची गोडी कमी झाली, असा त्याचा आक्षेप. मी सहमत नाही, पण अल्बम तुकड्यातुकड्यांनी ऐकणाऱ्याला तसं वाटू शकतं हे मला मान्य आहे.

एका गाण्याच्या जोरावर चालला, असं नाही का?

सुरुवातीला, हो. रेडिओवर ते गाणं वाजलं नसतं तर अल्बम दुकानात पडून राहिला असता अशी शक्यता मोठी आहे. पण त्यातलंच ‘रिमेंबर मी’ हे गाणंही नंतर कंट्री यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. आणि एका गाण्यासाठी घेतलेला अल्बम लोक दोन-चार आठवड्यांत विसरतात. हा पुढची कित्येक वर्षं विकला जात राहिला.

मग कमी खर्चाचं ते अधिक प्रामाणिक का?

नाही, आणि या अल्बमचा हा धडा काढणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पॅट्सी क्लाइनच्या मागचे व्हायोलिन खोटे नव्हते. तिच्या भरदार आवाजाला ते पेलत होते. शिवाय ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ साधा आहे म्हणून सोपा नाही. ही मंडळी रात्रीमागून रात्री एकत्र वाजवत आलेली होती. कुठे वाजवायचं नाही हे कळायला तेवढा सहवास लागतो. आज मोबाइलवर घरबसल्या रेकॉर्डिंग होतं, पण न वाजवण्याची ती समज मोबाइलबरोबर येत नाही.

ही बंडखोरी खरी होती की जाहिरात?

दोन्ही. विली, वेलन आणि त्यांच्या सोबत्यांना ‘आउटलॉ’, म्हणजे कायद्याबाहेरचे, असं नाव पडलं. 1976 मध्ये आरसीएने त्यांची जुनी-नवी गाणी एकत्र करून त्याच नावाभोवती एक अल्बम काढला, आणि प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळवणारा तो पहिला कंट्री अल्बम ठरला. ज्या धंद्याविरुद्ध बंड, त्याच धंद्याने बंड विकलं. पण नावापलीकडे जे बदललं ते ठोस होतं: स्वतःचे वादक, स्वतःचा स्टुडिओ आणि अंतिम शब्द स्वतःचा, हे मागायला गायकांना तोंड मिळालं. विलीलाही ते पुन्हा लागलं. 1978 मध्ये त्याने जुन्या लोकप्रिय गाण्यांचा अल्बम करायचं ठरवलं तेव्हा कंपनीला पुन्हा शंका आली, आणि तो अल्बम कंट्री यादीत सुमारे दहा वर्षं टिकला.

बायकांना मारणाऱ्याची गोष्ट का ऐकायची?

हा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो गाण्याच्या सौंदर्याने फेटाळता येत नाही. तीन खून होतात, त्यांतल्या दोन बायका. दुसऱ्या बाईच्या खुनानंतर गाणं सांगतं की घोडा चोरणाऱ्या बाईला मारल्याबद्दल कोणाला फाशी देता येत नाही, आणि तो सुटतो. ज्या जुन्या कथागीतांतून हे आलं त्यांत बाईचा खून हा ठरावीक विषयच होता. मारल्या गेलेल्या बायकांना या अल्बममध्ये आवाज नाही, ही त्याची खरी उणीव आहे. आधीच्याच वर्षी अर्धा अल्बम बाईच्या तोंडून सांगणाऱ्या विलीकडून ती अधिक जाणवते.

तरीही मी हा अल्बम ऐकतो. कारण त्या उपदेशकाला नायक म्हणून मिरवलेलं मला ऐकू येत नाही. गाव त्याला सोडून देतं, पण संगीत सोडत नाही. ते पद पुन्हा पुन्हा परत येतं, दरवेळी थोडं अधिक एकटं होऊन. कोणाला हे पुरेसं वाटणार नाही, आणि त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

ऐकायचा असेल तर

सलग ऐका. पंधरा तुकडे आहेत, एकूण वेळ अर्ध्या तासाहून थोडा जास्त. गाण्यांचा क्रम बदलू नका, नाहीतर आख्यानाची पानं पिसल्यासारखं होईल. शब्द समजले नाहीत तरी पहिल्या खेपेला चालेल. वरची गोष्ट लक्षात असली की पुरे.

आणि दुसऱ्या बाजूला ‘डाउन यॉन्डर’ येतं तिथे जरा थांबा. इथे शब्द नाहीत. बॉबीचा पियानो एकदम पुढे येतो आणि जुन्या नाचाच्या चालीवर खेळू लागतो. ॲबटमध्ये आजी-आजोबांनी या दोघा भावंडांना वाढवलं आणि संगीत शिकवलं. तेव्हापासून ती भावाच्या गिटारीबरोबर वाजवत होती, आणि मार्च 2022 मध्ये वारली तेव्हा 91 वर्षांची होती. गोष्टीतला तो दमलेला माणूस पहिल्यांदाच कुठेतरी दिवा लागलेल्या खोलीत येऊन बसलाय, असं मला दरवेळी या जागी वाटतं.